जुन्या नॅसवर लिनक्स टाकताना बूटलोडर बदलायचा की नाही?

टॉवेलवाला_अक्कलकोट_रोड

नमस्कार मंडळी. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात दोन डिस्कांचा एक जुना नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना फाइली देणारा डबा) आहे. जॅकार्डच्या डिझाइन फाइली, जीएसटीची कागदपत्रं आणि गेटवरच्या कॅमेऱ्याचं थोडंफार रेकॉर्डिंग एवढंच त्यावर असतं. आत मार्व्हेलची कर्कवुड ८८एफ६२८२ चिप, ५१२ एमबी रॅम, १२८ एमबी नँड (वीज गेली तरी टिकणारी फ्लॅश मेमरी). यंत्र ठणठणीत आहे, पण त्याचं फर्मवेअर (कंपनीने आत भरलेलं सॉफ्टवेअर) निघायचं केव्हाच बंद झालं आणि जे आहे ते फक्त एसएमबी १ ही फाइल शेअरिंगची जुनी भाषा बोलतं. ऑफिसात विंडोज ११ चा नवा कॉम्प्युटर आला, त्याला हा नॅस दिसतच नाही. विंडोजमध्ये एसएमबी १ परत चालू करा असं ज्याला विचारावं तो सांगतो. पण २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच दारातून घुसला होता, ते दार मला उघडायचं नाही.

म्हणून डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाकायचं ठरवलंय. वाचायला बसलो तर बहुतेक ठिकाणी पहिलीच पायरी ‘यू-बूट बदला’, म्हणजे वीज आल्यावर सिस्टीम उठवणारा बूटलोडर बदला. मूळ बूटलोडर तसाच ठेवून लिनक्स चालत नाही का? आमच्याकडे उन्हाळ्यात लाईटचा भरवसा नाही. बूटलोडर लिहिताना लाईट गेली तर डबा कायमचा गेला ना?

जिथे गरज नाही तिथे हात लावू नये असं माझं मत आहे. गरज आहे की नाही तेवढं सांगा.

शेंगाचटणी

एक नंबर धागा. माझ्याकडेपण असाच एक डबा माळ्यावर पडून हाय. जाणकार येईपर्यंत बसलो बघा इथंच.

सात_रस्ता

मूळ यू-बूटवरून लिनक्स चालतो. चालत नाही असं म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. पण त्याची किंमत कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) दर अपडेटला मोजावी लागते, ती कशी ते सांगतो.

या पिढीच्या डब्यांवर बहुतेक यू-बूट १.१.४ असतो, मार्व्हेलने स्वतःच्या बदलांसह दिलेला. तो ज्या काळातला आहे त्या काळात एआरएम जातीच्या चिपांवर कर्नलला यंत्राची ओळख एका क्रमांकाने पटवली जायची. आजचा कर्नल डिव्हाइस ट्री मागतो, म्हणजे कुठल्या पिनला पंखा, कुठल्या पिनला दिवा, नँडचे भाग कुठून कुठपर्यंत हे सांगणारी वेगळी फाइल. जुन्या यू-बूटला ही फाइल कर्नलच्या हातात देता येत नाही. मग ती कर्नलच्या शेपटीला जोडायची, एमकेइमेज नावाच्या प्रोग्रामने तिला यू-बूटचा मथळा लावायचा आणि मगच बूट करायचं. हे सगळं दर अपडेटला. स्क्रिप्ट लावता येते, पण ती एकदा जरी चुकली तर डबा उठत नाही आणि का उठत नाही हेही दिसत नाही.

दुसरं म्हणजे जुना यू-बूट डिस्कवरचं जीपीटी (डिस्कच्या भागांचा नवा तक्ता) वाचत नाही आणि ईएक्सटी४ (लिनक्सची फाइली मांडायची पद्धत) ही वाचत नाही. तुमच्या डिस्का २ टीबीपेक्षा मोठ्या असतील तर जीपीटी लागणारच.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नवा यू-बूट आधी यूएसबी बघतो, मग साटा, म्हणजे आतल्या डिस्का. उद्या सिस्टीम बिघडली तर दुसरा पेनड्राइव्ह लावून डबा उठवता येतो. कारखान्यातल्या माणसाला फोनवर ‘काळा काढ, निळा लाव’ एवढं सांगून काम भागतं.

बाळीवेस

सात रस्ता यांच्याशी अर्धा सहमत, अर्धा असहमत.

मी क्यूनॅपच्या टीएस-२१९ वर कित्येक वर्षं डेबियन चालवला. चिप कर्कवुडच. बूटलोडरला बोटसुद्धा लावलं नाही. डेबियनचं फ्लॅश-कर्नल नावाचं पॅकेज कर्नल आणि इनिट-रॅमडिस्क (सुरू होताना लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) थेट फ्लॅशच्या ठरलेल्या भागात लिहायचं, मूळ यू-बूट ते आपलंच समजून उचलायचा. काही बिनसलं तर रिकव्हरी मोडमध्ये टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने) मूळ फर्मवेअर परत टाकता यायचं. ही परतीची वाट बूटलोडर शाबूत होता म्हणूनच होती. ज्या दोरावर लोंबकळतोय तो आपणच कशाला कापायचा?

डी-लिंकच्या डीएनएस-३२३ नॅसवाल्यांनी तर आणखी सोपं केलं होतं. डिस्कच्या मुळाशी फन_प्लग नावाची स्क्रिप्ट ठेवायची, मूळ फर्मवेअर सुरू झालं की ती आपोआप चालायची. फ्लॅश, बूटलोडर, कर्नल कशालाच धक्का नाही.

सात_रस्ता

बाळीवेस, टीएस-२१९ चं उदाहरण उत्तम दिलंत. पण त्याच डब्यावर पुढं काय झालं तेही सांगा की. फ्लॅश १६ एमबी आणि त्यात कर्नलचा भाग २ एमबीचा. कर्नल फुगत गेला आणि त्यात मावेनासा झाला. आपली मांडणी आपल्या ताब्यात नसली की असं होतं.

फन_प्लग भारी होतं यात वाद नाही. पण त्यात कर्नल आणि साम्बा (लिनक्सवर एसएमबी बोलणारं सॉफ्टवेअर) जुनेच राहतात. टॉवेलवाल्यांची अडचण नेमकी तीच आहे.

बाळीवेस

मावेनासा झाला हे खरं आहे. तरीही माझा आग्रह एवढाच, की परतीची वाट आधी तयार करा आणि मग बूटलोडरकडे वळा. क्रम उलटा करू नका.

जुळे_सोलापूरची_ताई

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, तेव्हा माझा प्रश्न जरा वेगळा. एवढा खटाटोप कशासाठी? ऑफिसमधून निघालेला एखादा जुना छोटा पीसी घ्या, डेबियनचा पेनड्राइव्ह लावा, अर्ध्या तासात काम संपलं. तिथे बूटलोडरची काळजी नाही, स्क्रीन जोडता येतो, कीबोर्ड जोडता येतो. ५१२ एमबी रॅममध्ये तुम्ही करणार काय?

टॉवेलवाला_अक्कलकोट_रोड

ताई, पटतंय. पण छोट्या पीसीत दोन मोठ्या डिस्का बसत नाहीत, बाहेर यूएसबीला लोंबकळत ठेवाव्या लागतात. कारखान्यात मागांचा हादरा आणि कापसाची धूळ दोन्ही आहेत. हा नॅस पत्र्याच्या कपाटात मावतो, वीज कमी खातो. आणि फाइल शेअर करायला ५१२ एमबी पुरतात.

सात_रस्ता

पुरतात. पण ताईंच्या मुद्द्यातला एक भाग टॉवेलवाल्यांनी मनावर घ्यावा. कर्कवुड म्हणजे एआरएमव्ही५, डेबियनमध्ये त्याचं पोर्ट (त्या जातीच्या चिपांसाठीचा अवतार) आर्मेल. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली डेबियन १३ ही आर्मेलची शेवटची आवृत्ती. तिच्यात आर्मेलसाठी इन्स्टॉलर नाही आणि डेबियनचे स्वतःचे कर्नल फक्त रास्पबेरी पाय १, झीरो आणि झीरो डब्ल्यू यांच्यासाठी आहेत. म्हणजे कर्कवुडवर डेबियन १२ टाका, तिच्यात मार्व्हेलचा कर्नल मिळतो. पुढे जायचं तर कर्नल स्वतः बांधावा लागेल, नाहीतर ओपनडब्ल्यूआरटीकडे (मुख्यतः राऊटरसाठीचा लिनक्स) जावं लागेल. त्यांच्याकडे कर्कवुड अजून आहे आणि त्यासाठीचा यू-बूटही ते स्वतः बांधतात.

इंटरनेटला उघडा ठेवणार असाल तर हा डबा वापरू नका. कारखान्याच्या आतल्या नेटवर्कपुरता ठेवा.

गड्ड्यावरचा

लाईटचा विषय निघालाच आहे तर माझंपण ऐका. हे काम मे महिन्यात दुपारी करू नका बे. सकाळी लवकर बसा, राऊटर आणि नॅस दोन्ही यूपीएसवर घ्या आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा. आमच्या गल्लीत चारला लाईट गेली की परत कधी येईल ते सिद्धेश्वरालाच ठाऊक.

विजापूर_वेस

लाईटच्या भीतीबद्दल. ‘बूटलोडर गेला की डबा गेला’ हे कर्कवुडला बहुतांशी लागू नाही. या चिपच्या पोटात एक बूटरॉम असतो. तो सिलिकॉनमध्येच कोरलेला, पुसताच येत नाही. वीज आली की आधी तो जागा होतो आणि मग नँडवरचा यू-बूट शोधतो. त्याच क्षणी सिरीयलवरून (बोर्डावरच्या साध्या तारांच्या जोडणीवरून) त्याला एक ठरावीक खूण मिळाली तर तो नँड सोडून सिरीयलवरूनच यू-बूट घेतो. लॅपटॉपवरचा केडब्ल्यूबूट नावाचा प्रोग्राम हेच काम करतो. खूण पाठवत राहतो, बूटरॉमने ओ दिली की एक्समोडेम नावाच्या जुन्या पद्धतीने यू-बूट आत सरकवतो. ११५२०० च्या वेगाने ५१२ केबीला मिनिटभर लागतो.

अपवाद आहेत. कर्कवुडच्या काही सुरुवातीच्या चिपांमधल्या बूटरॉमवर ही सोय चालत नाही. म्हणून आधी करून बघायचं, चालली तरच पुढे जायचं.

आता सिरीयलची जोडणी नीट सांगतो, कारण लोक इथेच डबा जाळतात.

झाकण काढलं की बोर्डाच्या कडेला चार पिनांची एक रांग दिसेल. कधी पिना असतात, कधी नुसती भोकं. त्यातली जमिनीची पिन मल्टीमीटरने शोधा. एक टोक यूएसबी सॉकेटच्या पत्र्याला, दुसरं पिनेला, बीप वाजला की ती ग्राउंड. मग डबा चालू करा. जिच्यावर ३.३ व्होल्ट स्थिर आहेत ती पुरवठ्याची, तिला काहीही जोडायचं नाही. जिच्यावरचा आकडा डबा सुरू होताना थरथरतो ती टीएक्स, तिच्यावरून डबा बोलतोय. उरलेली आरएक्स, तिच्यावरून डबा ऐकतो. डब्याचा टीएक्स यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टरच्या आरएक्सला, आरएक्स टीएक्सला, ग्राउंड ग्राउंडला. एवढ्या तीनच तारा.

कन्व्हर्टर सीपी२१०२ किंवा सीएच३४० वाला चालतो. मला नवी पेठेत मोबाईल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्याकडे मिळाला. त्याच्यावर ३.३ आणि ५ असा जंपर असेल तर तो ३.३ वर असल्याची खात्री करा. पाच व्होल्टचा सिग्नल या चिपच्या पिना सहन करत नाहीत.

पुटीमध्ये (लॅपटॉपवर सिरीयलची खिडकी उघडणारा प्रोग्राम) ११५२००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. फ्लो कंट्रोल चालू राहिला तर अक्षरं दिसतात पण तुम्ही टाइप केलेलं आत जात नाही, आणि माणूस तासन्‌तास तारा बदलत बसतो.

निवृत्त_पण_रिकामा_नाही

हे वाचून एनएसएलयू२ आठवला. लिंकसिसने २००४ मध्ये काढलेला, २६६ मेगाहर्ट्झचा इंटेल प्रोसेसर, ३२ एमबी रॅम, ८ एमबी फ्लॅश, स्वतःची डिस्क नाही, नुसते दोन यूएसबी. लोक प्रेमाने स्लग म्हणायचे. त्यात यू-बूट नव्हता, रेडबूट होता. डेबियनवाल्यांनी तो पुसला नाही. त्याच्यापुढे अपेक्स नावाचा दुसरा बूटलोडर ठेवला. रेडबूट उठायचा, अपेक्सला उठवायचा, अपेक्स लिनक्सला.

टॉवेलवाले, तुमच्या ‘हात लावू नये’ला हा तिसरा रस्ता आहे. मूळ यू-बूट जागेवर ठेवून त्याच्याकडून नवा यू-बूट रॅममध्ये चढवून घ्यायचा. अनेक डब्यांवर जमतं, सगळ्यांवर नाही.

शेंगाचटणी

काका, तुमच्या ३२ एमबीत डेबियन? माझ्या फोनवर एक फोटो तेवढ्याचा असतो की ओ.

निवृत्त_पण_रिकामा_नाही

हो. आणि रात्रभर डाउनलोड आणि छपाईचा सर्व्हर दोन्ही चालायचं. सावकाश, पण चालायचं.

टॉवेलवाला_अक्कलकोट_रोड

सर्वांचे आभार. रविवारी माग बंद असतात म्हणून सकाळीच बसलो. आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घेतला. (दोन डिस्का रेड १ मध्ये आहेत म्हणून बॅकअप आहेच असं आमच्या अकाउंटंटना वाटायचं. एकीवरची फाइल पुसली की दुसरीवरचीही त्याच क्षणी पुसली जाते हे समोर करून दाखवलं, तेव्हा पटलं.)

सिरीयल पहिल्या झटक्यात बोलला. विजापूर वेस, तुमचं थरथरणाऱ्या आकड्याचं वर्णन तंतोतंत होतं. स्क्रीनवर यू-बूट १.१.४ च निघाला. बटन दाबून थांबवला आणि सगळी एन्व्हायर्नमेंट (यू-बूटची सेटिंग) छापून टेक्स्ट फाइलमध्ये ठेवली. मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्कवरचा डब्याचा ओळख क्रमांक) खालच्या स्टिकरशी ताडून बघितला, जुळला.

मग मूळ फर्मवेअरमध्ये एसएसएचने (लॅपटॉपवरून आज्ञा देत) शिरून नँडच्या पहिल्या भागाची प्रत दोनदा काढली, दोन्हींचा शा-२५६ (फाइलीचा ठसा) सारखा आला. आता पुढे?

विजापूर_वेस

फार व्यवस्थित केलंत. आता नँडला न शिवता केडब्ल्यूबूटने नवा यू-बूट नुसता रॅममध्ये चढवा. क्रम लक्षात ठेवा: डबा बंद, लॅपटॉपवर केडब्ल्यूबूट आधी सुरू, मग डब्याची वीज चालू. फाइलीच्या हेडरमध्ये ‘नँडवरून बूट’ असं लिहिलेलं असतं, केडब्ल्यूबूट ते जाता जाता सिरीयलसाठी बदलून घेतो.

नव्या यू-बूटचा प्रॉम्प्ट आला की तिथेच थांबा आणि तपासा. रॅम ५१२ दाखवतो का? नँड १२८ दाखवतो का? यूएसबी सुरू केल्यावर पेनड्राइव्ह दिसतो का? साटावर दोन्ही डिस्का दिसतात का? नेटवर्कवरून राऊटरला पिंग जातो का? यातलं एक जरी अडलं तर लिहू नका. चुकीच्या मॉडेलची फाइल असेल तर ती इथेच उघडी पडते, आणि वीज बंद केली की डबा जसा होता तसा.

ही परीक्षा पास झाली की बाळीवेस यांची परतीची वाटही तयार झाली. कारण जे सिरीयलवरून आज चढतं ते नँड पूर्ण पुसला गेला तरी चढणारच.

बाळीवेस

एवढं हातात असेल तर माझी हरकत संपली. लिहा बिनधास्त.

सात_रस्ता

लिहिण्याबद्दल. रॅममधल्या नव्या यू-बूटमधूनच पेनड्राइव्हवरची फाइल वाचून नँडवर लिहा, जुन्या फर्मवेअरच्या भानगडीत पडू नका. आधी खराब ब्लॉकांची यादी बघा. तुमच्या नँडचा पुसायचा ब्लॉक १२८ केबीचा, म्हणजे ५१२ केबीच्या यू-बूटला सुरुवातीचे ४ ब्लॉक. त्या चारांत एक जरी खराब असेल तर थांबा आणि इथे लिहा. पुढे कुठे एखादा असेल तर घाबरू नका, नँडमध्ये कारखान्यातूनच थोडे खराब ब्लॉक येतात.

चार ब्लॉक पुसा, लिहा, लिहिलेलं परत रॅममध्ये वाचून मूळ फाइलीशी ताडा. जुळलं तरच रिसेट. जुळलं नाही तर वीज बंद न करता परत पुसून लिहा.

मग एन्व्हायर्नमेंटमध्ये स्टिकरवरचा मॅक भरा. नव्या यू-बूटमध्ये एक नमुन्याचा मॅक असतो. एकाच ऑफिसात दोन डबे त्याच मॅकने उठले तर दोन्ही मधूनमधून गायब होत राहतात आणि कारण सापडत नाही.

टॉवेलवाला_अक्कलकोट_रोड

झालं! खराब ब्लॉक पहिल्या चारांत नव्हता. लिहून, ताडून रिसेट केला आणि सिरीयलवर नवा यू-बूट स्वतःहून उठला. डेबियन १२ ची आर्मेल सिस्टीम लॅपटॉपवर डीबूटस्ट्रॅप नावाच्या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर बांधून ठेवली होती, मार्व्हेलचा कर्नल आणि डब्याची डिव्हाइस ट्री फाइल सोबत. पेनड्राइव्ह लावला, लॉगिन आलं.

दोन्ही डिस्का एमडीएडीएमने (लिनक्सवर रेड सांभाळणाऱ्या प्रोग्रामने) जशाच्या तशा जोडल्या गेल्या, डेटा जागेवर. साम्बा ४.१७ आहे. त्यात एसएमबी १ मुळातच बंद असतो, काही करावं लागलं नाही. विंडोज ११ वाल्या कॉम्प्युटरवर नॅस दिसला, पण पाहुणा म्हणून, पासवर्डशिवाय, आत घेईना. प्रत्येकाला साम्बाचं खातं आणि पासवर्ड दिला, मग उघडलं. डिझायनर पोरगा लगेच फुलांच्या बॉर्डरची फाइल ओढून कामाला लागला.

पण पंखा पूर्ण वेगाने ओरडतोय.

सात_रस्ता

अभिनंदन! विंडोज ११ नव्या आवृत्त्यांत पाहुण्याला आत सोडत नाही ते बरंच आहे, खाती दिलीत ते चांगलं केलंत.

पंख्याचा वेग मूळ फर्मवेअरमधला एक प्रोग्राम ठरवायचा, तो आता नाही. सेन्सर्स या आज्ञेने काय दिसतं बघा. पण घाई करू नका, स्मार्टसीटीएल या आज्ञेने डिस्कचं तापमान आठवडाभर लिहून ठेवा.

गड्ड्यावरचा

ओरडू द्या की! सोलापुरात बाहेर ४३ असताना पत्र्याच्या कपाटात किती होत असेल? पंखा हळू करायच्या नादात डिस्का भाजतील. त्यापेक्षा कपाटाचं मागचं पान काढा आणि पंख्यापुढे जाळी लावून दर रविवारी ब्रशने झाडा. टॉवेलच्या कारखान्यातली रुई पंख्याच्या पात्यांवर कशी चिकटते ते मी बघितलंय. ओलसर नमद्यासारखा थर बसतो आणि मग पंखा फिरतो पण हवा सरकत नाही.

जुळे_सोलापूरची_ताई

मी अजूनही छोट्या पीसीच्या बाजूने आहे. पण हा धागा नववीच्या मुलांना दाखवणार. बूट होताना आत काय काय होतं हे आमच्या पुस्तकात दोन ओळींत संपतं, इथे ते तारा जोडून दिसलं. विजापूर वेस, शाळेत येऊन सिरीयलचा प्रयोग दाखवाल का? मल्टीमीटर आमच्याकडे आहे.

विजापूर_वेस

ताई, नक्की येतो. शनिवार जमेल. एक जुना डबा आणि दोन कन्व्हर्टर घेऊन येतो, मुलांना स्वतः पिना शोधू द्या.

होटगी_रोड_नवीन

धागा वर काढतोय. माझ्याकडे डब्ल्यूडीचा माय बुक लाइव्ह आहे, एकच डिस्क. याच पद्धतीने होईल का?

सात_रस्ता

या पद्धतीने नाही. त्यात कर्कवुड नाही, एपीएम८२१८१ ही पॉवरपीसी चिप आहे. केडब्ल्यूबूट तिथे लागू नाही, आणि डेबियनने पॉवरपीसीचं ते पोर्ट आवृत्ती ९ पासून बंद केलं. ओपनडब्ल्यूआरटी मात्र चालतं आणि त्यासाठी बूटलोडर बदलावा लागत नाही.

तोवर एक काम आजच करा. तो इंटरनेटला जोडलेला असेल तर तोडा. जून २०२१ मध्ये जगभरातले माय बुक लाइव्ह दूरवरून फॅक्टरी रिसेट झाले होते, लोकांचा सगळा डेटा गेला. मूळ फर्मवेअरवर असेल तर तो राऊटरच्या बाहेर दिसता कामा नये.

होटगी_रोड_नवीन

केबल काढली. डेटा घेतो आणि आतल्या बोर्डाचा फोटो टाकतो.